खाऱ्या पाण्याचे पाहुणे

भोर,
ता. ३ ऑक्टोबर १९६८

चि. कुंडलिक यास,
साहेबरावाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

आम्ही सर्व खुशाल आहोत, पाहुणे सोडून. तुझ्या मासळी खात्याचे टिपणीससाहेब सात महिन्यांच्या शिक्षणासाठी जपानला गेले आणि जाताना घरी पाळलेला केंड मासा तुझ्या गळ्यात मारून गेले. तुझी नेमणूक पाहणीच्या बोटीवर झाली, म्हणून तू तो जूनमध्ये काचेच्या पेटीसकट आमच्या पडवीत आणून ठेवलास. इथवर माझी तक्रार नाही. मासा धडधाकट परत मिळाला तर साहेब तुला कायम करतील, आणि मेला तर पाच वर्षांचा हंगामी मदतनीस वळकटी घेऊन भोरच्या स्टँडवर उतरेल, हेही तू मला तीन पत्रांतून लिहिलं आहेस. फक्त मासा आजारी पडला तर काय करायचं, तेवढं लिहायचं राहिलं.

गेल्या बुधवारपासून पाहुण्यांनी अन्न सोडलं आहे. तुझी वहिनी त्यांना पाहुणेच म्हणते, त्यामुळे आता घरात आम्ही सगळेच त्यांना अहो-जाहो करतो. सकाळी ती खेकड्याचं मांस पेटीत सोडते. पाहुणे लगबगीनं येतात, तुकडा तोंडात धरतात, जरा विचार करतात आणि टाकून देतात. मग कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतात. लग्नात मानपान चुकलेले व्याही मी असे बसलेले पाहिले आहेत.

एकतीस वर्षं मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. आजारी जनावर पुढ्यात आलं की काय बघायचं हे मला कुणी शिकवायला नको. पण कान गार पडलेत का बघावं, तर यांना कान नाहीत. नाकपुडी कोरडी आहे का बघावं, तर सगळं अंगच ओलं. रवंथ बंद झालं का, तर ते कधी सुरूच नव्हतं. डोळे मात्र टकाटका फिरवून माझ्याकडे असे बघतात, की जणू मीच पेशंट आहे.

बातमी गावभर झाली आहे. ज्यांनी आमच्या आळीत कधी पाय ठेवला नाही, ते आता पडवीत उभे राहून औषध सांगतात. वरच्या आळीतले कचेरीतून पेन्शनीत आलेले एक गृहस्थ काल माशाच्या पाण्यावर पाऊण तास बोलले. पाणी शुद्ध हवं, पाण्यावरच सगळं असतं, असं त्यांचं म्हणणं. तुझ्या वहिनीनं चहा आणला तर त्यांचा नेमका उपास निघाला. मी कॅलेंडर बघितलं, कसलाही उपास नव्हता. माशाचं पाणी शुद्ध कसं ठेवायचं हे ठाऊक असलेल्या माणसाला आमच्या चहाचं पाणी चालत नाही, याचं निदान मात्र मला झटक्यात झालं.

उत्तर ताबडतोब पाठव. तुझी वहिनी प्रौढ वर्गात वाचायला शिकल्यापासून तुझी पत्रं माझ्याआधी फोडते, तेव्हा अक्षर नीट काढ.

कळावे. लोभ आहेच, तो दर पत्रात नव्यानं काय मागायचा.
तुझा,
दादा


रत्नागिरी,
ता. ९ ऑक्टोबर १९६८

तीर्थरूप दादांस,
कुंडलिकचा सविनय जयभीम. वि. वि.

आपलं पत्र काल बोट किनाऱ्याला लागल्यावर मिळालं. आपण थट्टा करता, पण दादा, माझ्या जागेवर डोळा ठेवून असलेले दोघे जण इथं आहेत आणि दोघांचेही मामा मुंबईत आहेत. माझा मामा वेल्ह्यात भात लावतो.

साहेबांच्या पुस्तकात पाहून लिहितो. खारेपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडून लाल रेघेपर्यंत बुडते का ते पाहावं. हवेचा पंप चालू आहे का? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का? पर मिटलेले आहेत का? श्वास जलद आहे का? विष्ठा पांढरी व दोऱ्यासारखी आहे का? लतीफभाई श्रीवर्धनहून सुक्या मासळीबरोबर समुद्राचं पाणी आणतात, ते त्यांनी खाडीचं तर भरलं नाही ना? माझ्या मते खार कमी झाला असावा.

खाणं नेहमीसारखंच द्यावं. साहेब त्याला कवच आणि काटा काढूनच घालत, हे वहिनींना पुन्हा सांगावं. पोट फार नाजूक आहे असं ते म्हणत.

बाकी ठीक. वहिनींस जयभीम. आपली माया आहे तशी राहू द्यावी, मला सध्या तिची फार गरज आहे.
आपला,
कुंडलिक


भोर,
ता. १५ ऑक्टोबर १९६८

चि. कुंडलिक यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझी प्रश्नपत्रिका पोचली. नळी लाल रेघेवर बुडते. पंप चालू आहे. वीज गेली की मी सायकलचा पंप घेऊन बसतो आणि येणारेजाणारे विचारतात की कुठल्या चाकात हवा भरताय. ठिपके नाहीत, पर उघडे आहेत, श्वास माझ्यापेक्षा बरा आहे. विष्ठेचं म्हणशील तर जो खात नाही त्याला ती कुठून? लतीफभाईंना खाडीच्या पाण्याचं विचारलं तर ते रागावले. त्यांनी पाणी चाखून दाखवलं आणि मलाही चाखायला लावलं. समुद्राचंच आहे.

ते म्हणाले की अहो, हा केंड जाळ्यात आला की आमच्याकडचे कोळी शिव्या घालून वाळूत भिरकावतात. जाळी कुरतडतो, खावा तर विषारी, कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही. आणि तुम्ही त्याला विजेची हवा घालता! मी म्हटलं, लतीफभाई, किनाऱ्यावर ज्याला कुणी विचारत नाही तो साहेबाच्या बंगल्यात गेला की त्याची बडदास्त ठेवायला आमच्यासारखी माणसं लागतात. हे माशांपुरतंच आहे असं समजू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुझी वहिनी तुला सांगेलच. रविवारी पाहुण्यांनी अंग फुगवलं. मूठभर प्राणी नारळाएवढा झाला. मला एकदम ओळख पटली. पोटफुगी! कोवळा लसूणघास खाल्लेल्या गाईची असते ती. मी हिंग, ओवा आणि गोडंतेल एकत्र करून बाटली भरली. आता ती पाजायची कशी या विचारात असताना पाचसहा थेंब पेटीत सांडले. तेलाचा तवंग आला, पाहुणे तळाशी जाऊन बसले आणि तुझी वहिनी पेटीपुढे हात पसरून उभी राहिली. तिचं म्हणणं असं की माणूस घाबरला की छाती फुगवतो, तसा ह्यो भ्यालाय, तुमची मिशी बघून भ्यालाय, पोट न्हाई फुगलं त्याचं. तासाभरात ते आपोआप उतरले. सगळं पाणी बदलावं लागलं. लतीफभाईंचे चार डबे गेले.

पण खाणं नाहीच. आज एकविसावा दिवस. पाठीवरची कातडी सैल पडली आहे. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला धास्ती वाटते. जनावर डोळ्यांसमोर उपाशी मरतंय आणि मला त्याचं दुखणं वाचता येत नाही, असं नोकरीत कधी झालं नव्हतं.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढाच सांभाळायला जड जातोय.
दादा


रत्नागिरी,
ता. २२ ऑक्टोबर १९६८

तीर्थरूप दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

घाईत लिहितो, बोट सुटते आहे. पुस्तकाप्रमाणे पोटात जंत असावेत. निळ्या औषधाची पुडी सोबत पाठवली आहे, बादलीभर पाण्याला चिमूटभर. नाहीतर खार वाढला असेल. नाहीतर यकृत. दादा, खरं सांगू का, मला काहीच कळत नाही. मी पाच वर्षं पेट्या धुतल्या आहेत, पुस्तक पहिल्यांदाच उघडलं.

साहेबांचं जपानहून कार्ड आलं. ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत येतात. त्यांनी फक्त माशाचीच खुशाली विचारली आहे. मी तो मजेत आहे असं कळवून टाकलं. दुसरं काय लिहिणार?

वहिनींना जयभीम. मायेत अंतर पडू देऊ नये.
कुंडलिक


भोर,
ता. २७ ऑक्टोबर १९६८

चि. कुंडलिक यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझी निळी पुडी पोचली. ती तुझ्या वहिनीनं कपड्यांना नीळ म्हणून ठेवून दिली आहे. पाहुणे जेवले.

आता बसून वाच. काल मी नसरापूरच्या बाजाराला गेलो होतो. आपल्या विंझरच्या ज्ञानूला बैल घ्यायचा होता आणि विकणारा तो चार दाती, म्हणजे तरणा, म्हणून सांगत होता. मी बैलाचा जबडा धरून ओठ वर केला, तर आठही दात आलेले, बैल पूर्ण जुळलेला. मी ज्ञानूला नेहमीचं सुनावलं, की लेका, जनावर समोर आलं की आधी तोंड उघडावं, मग त्याच्या शिंगांचं कौतुक करावं. आणि ते माझ्याच तोंडून बाहेर पडलं तसा मी बैलाचा जबडा धरून तिथंच थिजलो. महिनाभर मी त्या माशाचे कान शोधले, नाक शोधलं, शेण शोधलं. तोंड उघडून बघितलं नाही.

कुंडलिक, टांग्याच्या घोड्याचे दात वाढले की तो काय करतो? घास घेतो, घोळवतो आणि टाकून देतो. पोटात भूक असते, म्हणून पुन्हा धावत येतो. मी असे शंभर घोडे कानशीनं दात घासून खाते केले आहेत. आणि तुला पहिल्याच पत्रात मी माझ्या हातानं हेच लक्षण लिहून पाठवलं होतं. तू रत्नागिरीत बसून ते वाचलंस, मी इथं बसून ते लिहिलं, दोघंही गाढव. ज्ञानूला बैलाजवळ सोडून मी मिळेल त्या एसटीनं घरी आलो.

तुझ्या वहिनीचा आरसा पेटीच्या काचेला लावला. स्वतःचं रूप बघायला पाहुणे पुढे आले आणि तोंड वासलं. वर दोन, खाली दोन असे चारच दात, पोपटाच्या चोचीसारखे. खालचे वाढून वरच्यांवर चढलेले. तोंडात करंगळी जाईल एवढीही फट उरली नव्हती. हा प्राणी समुद्रात शिंपले फोडून खाणारा, त्याचे दात घासत राहिले तरच बेताचे राहतात. आणि आपण काय केलं? तुझ्या साहेबांनी कवच काढून भरवलं, तू तसंच लिहिलंस. तुझ्या वहिनीनं तर जावयाला वाढावं तसा एकेक खेकडा सोलून, नांगीतला गर काडीनं काढून वाढला. मामाकडची पारूअक्का वेल्ह्याहून एवढे खेकडे पाठवते, त्यातला सोललेला गर पाहुण्यांना आणि कवचांचं कालवण आम्हाला. आम्ही दोघं धडधाकट आणि पाहुणे उपाशी.

शब्बीरभाई घड्याळवाल्यांकडून तार तोडायची बारीक कातर आणली, उकळली. जर्मनच्या टोपात पेटीतलंच पाणी घेतलं. तुझ्या वहिनीनं ओल्या फडक्यात पाहुण्यांना पाण्यातच धरलं. ते फुगू नयेत म्हणून ती त्यांच्याशी बोलत होती, काय बोलत होती ते मी लिहीत नाही, माझ्याशी ती असं कधी बोललेली नाही. चार वेळा कातर चालवली. दाताची कपची उडून टोपाच्या तळाशी गेली. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत.

आज सकाळी अख्खी नांगी टाकली, कवचासकट. कडाक असा आवाज पडवीभर झाला. तुझी वहिनी रडली. म्हणाली, म्या माझ्या हातानं सोलून सोलून मारत हुते की त्याला. मी दुसरी नांगी तिच्या हातात दिली.

कळावे. लोभ कवचासकट असू दे.
दादा


रत्नागिरी,
ता. १२ जानेवारी १९६९

तीर्थरूप दादांस,
कुंडलिकचा सविनय जयभीम. वि. वि.

डिसेंबरअखेरीस मी ट्रकनं मासा घेऊन आलो तो सुखरूप पोचला. साहेबही परत आले. माशाला पाहून ते इतके खूश झाले की मला खुर्ची दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

आता जे लिहितो ते लिहायला चार दिवस लागले. साहेबांनी माशाचे दात पाहिले आणि विचारलं, हे इतकं सफाईनं कुणी कापलं? असं काम त्यांनी फक्त जपानात पाहिलं होतं. दादा, मी म्हणालो, मी. तोंडातून निघून गेलं. दोघांचे मामा डोळ्यांसमोर उभे राहिले. साहेबांनी त्याच दिवशी मला कायम करण्याचा हुकूम टाईप करायला सांगितला. सही मात्र अठ्ठावीस तारखेनंतर होणार, कारण त्या दिवशी मुंबईहून मोठे अधिकारी येणार आहेत आणि त्यांच्यासमोर मी दुसऱ्या एका केंडाचे दात कापून दाखवायचे आहेत.

मी तो मासा कधी हातातसुद्धा धरलेला नाही. आपण कातर कशी धरता, किती कापता, तेवढं सविस्तर लिहून पाठवावं. आपल्याला वाईट वाटेल हे मला कळतं. आपण शिव्या द्याव्यात, पण उत्तर द्यावं.

मायेला मी लायक राहिलो असेन तर ती असू द्यावी.
कुंडलिक


भोर,
ता. १७ जानेवारी १९६९

चि. कुंडलिक यास,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. तुला खुर्ची मिळाल्याचं वाचून आनंद झाला.

नोकरीत आडवी आलेली वासरं मी कोपरापर्यंत हात घालून सोडवली आणि रजिस्टरात नाव डॉक्टरांचं लागलं. शेतकऱ्याच्या दारात मला अंगणाबाहेर चूळ भरायला पाणी मिळायचं आणि डॉक्टरांना ओसरीवर दूध. मला त्याची सवय होती. सवय झाली म्हणून ते लागत नव्हतं असं नाही. पण सही करणारे परके होते, त्यामुळे घरी येऊन तुझ्याजवळ त्यांना नावं ठेवता यायची. तू आठ-दहा वर्षांचा असशील, पोट धरून हसायचास. आता या नव्या सहीला नावं कुणाजवळ ठेवू?

मला राग आला आहे. तुझी वहिनी म्हणते की पोरगं भ्यालं असंल, भ्यालेल्याला मारू नये. म्हणून मारत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की पत्रानं दात कापता येत नाहीत. पत्रानं आपण दोघांनी एका जीवाला महिनाभर उपाशी ठेवलं, तेवढं शिक्षण पुरे. तू भलतीकडे कातर लावशील आणि त्या बिचाऱ्याचा ओठ कापशील. त्यानं तुझ्या साहेबाचं काही खाल्लेलं नाही. मी सत्तावीसला येतो. माशाला दुखणार नाही, एवढं मी बघेन. तुझ्या साहेबांनी विचारलं की हा माणूस कोण, तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव. भोरहून आणलेला गडी आहे म्हणालास तरी मी मान हलवीन. तुझी नोकरी जावी असं मला वाटत नाही आणि तुझं खोटं टिकावं असंही वाटत नाही. यातलं कुठलं जास्त वाटतं ते मला विचारू नकोस.

स्टँडवर घ्यायला ये.
दादा


रत्नागिरी,
ता. २९ जानेवारी १९६९

तीर्थरूप सौ. वहिनींस,
कुंडलिकचा सविनय जयभीम. वि. वि.

दादा या पत्राच्या आधीच घरी पोचतील. पण ते काही सांगणार नाहीत, म्हणून लिहितो.

काल हॉलमध्ये मुंबईचे तीन अधिकारी, साहेब आणि सगळा स्टाफ जमला होता. दादा दाराशी बाह्या वर सारून उभे होते. साहेबांनी माझं नाव घेतलं, मग दादांकडे बघून विचारलं की हे कोण. दादा पेटीतल्या माशाकडे बघत राहिले. मी म्हणालो, हे माझे थोरले बंधू साहेबराव ओव्हाळ. आजार यांनी ओळखला आणि दात यांनी कापले, मी त्या वेळी बोटीवर होतो आणि तुम्हाला खोटं सांगितलं.

साहेबांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. लगेच मुंबईकरांकडे वळून ते हसून म्हणाले की यांना जपानहून पत्रानं मार्गदर्शन आमचंच होतं. ते त्यांनी इतक्या सहज म्हटलं की माझं खोटं मला अगदीच नवशिक्याचं वाटलं.

दादांनी शांतपणे फडकं भिजवलं, मासा धरला आणि कातर साहेबांपुढे केली. म्हणाले, मग बरंच झालं, पहिला दात साहेबांनीच कापावा, मी नुसता धरतो. सगळे बघत होते, साहेबांना कातर घ्यावीच लागली. त्यांचं बोट जवळ गेलं तसा माशानं दात कटकन वाजवले. साहेबांनी हात मागे ओढला, कातर पाण्यात पडली आणि मासा फुगून दादांच्या दोन्ही हातांत मावेना. दादा थांबले. वहिनी, त्यांनी त्याला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, बहुतेक तुम्ही बोलला होता तेच असावं. तो उतरला. मग चार वेळा कातर वाजली आणि संपलं. मुंबईच्या मोठ्या साहेबांनी वही काढून दादांचं पूर्ण नाव, गाव लिहून घेतलं. टिपणीससाहेब खिडकीबाहेर बघत होते.

माझा हुकूम खणात परत गेला. हेडक्लार्क म्हणाले की सध्या थांबा. मी हंगामीच राहिलो आणि किती दिवस राहीन ते माहीत नाही. तुम्ही दोघांनी सहा महिने ज्यासाठी जीव टाकला ते मी एका वाक्यात घालवलं, म्हणून तुमची माफी मागतो. पण रात्री झोप लागली.

स्टँडवर दादा मला मागे टाकून सरळ गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, नोकरी घालवली म्हणून रागावले. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सगळ्या स्टँडदेखत माझ्या डोक्यावर ठेवला. गाडी हलली तरी काढीनात. कंडक्टर ओरडला. मी तीस वर्षांचा बाप्या, चार पावलं गाडीबरोबर चाललो आणि तिथंच रडत उभा राहिलो.

हे पत्र त्यांना दाखवू नका. दाखवलंत तरी ते वाचलं नाही म्हणतील. तुमची माया आहे हे मला माहीत आहे, तरी लिहून मागतो.
तुमचा,
कुंडलिक